चिटबॉय निवडताना



हंगाम तोंडावर आला की भरतीची कुजबुज सुरू होते. कुणाचा पोरगा, कुणाची चिठ्ठी, कोण कुणाचा पाव्हणा. फार झाले तर उमेदवार दहावी की बारावी, एवढी चौकशी. आमचे म्हणणे, शिक्षण जरूर पाहावे, पण ते शेवटी.

चिटबॉयचेच घ्या. वरकरणी हलकी नोकरी. पण लागवडीची तारीख, उसाची जात, सुरू की खोडवा, क्षेत्र किती, हे सारे तोच लिहितो आणि त्या नोंदीवर तोडणीचा क्रम ठरतो. ओळखीच्या माणसाची तारीख त्याने महिनाभर मागे लिहिली, की त्याचा कोवळा ऊस आधी तुटतो नि तुमचा पक्व ऊस तुरा काढून फडात वाळत बसतो. कोवळ्यात साखर कमी, तुरा आलेल्याचे वजन कमी. दोन्हीकडून मार सभासदालाच! केंद्राने 2025-26 च्या हंगामाला एफआरपी क्विंटलला 355 रुपये धरली ती 10.25 टक्के उताऱ्यावर. त्यावरच्या दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा. म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. एका खोट्या तारखेने एवढे जात नाही हे खरे, पण गटागटांत तेच चालले तर उतारा खाली येणारच.

घाटंजीकडे तर आणखी पंचाईत. हा मुलूख कापसाचा, तुरीचा. ऊस विहिरीच्या पाण्यावर, तुकड्या-तुकड्यांत. एका बांधावर उभे राहून सारा फड दिसायचा नाही. तेव्हा पारावर बसून नोंदी भरणारा इथे कामाचा नाही. आधी सचोटी, मग पायपिटीची तयारी. रिफ्रॅक्टोमीटर पाहायला काय, तासाभरात शिकवता येतो.

पॅनमनची गोष्ट वेगळी. तिथे नुसता सज्जन माणूस घेऊन काय करायचे? पाक दाणा केव्हा धरतो हे ज्याला नजरेने कळते, तोच हवा.

आणि माणूस आपल्याच गावचा हवा, हा हट्ट कशाला? प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. विठ्ठलराव विखे पाटील स्वतः शेतकरी, पण अध्यक्षपदी त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना आणले. गाडगीळ काही त्या गावचे नव्हते.

तर यंदा मुलाखत टेबलावर नको. उमेदवाराला सकाळीच फडात न्यावे, एक पट्टा मोजायला लावावा, नोंद लिहायला लावावी आणि मिळालेले गुण गट कार्यालयाच्या फळ्यावर लावावेत. वार्षिक सभेत हा ठराव कुणी मांडला तर आमचा हात वर आहे.