मोठा आवाज कीं स्पष्ट शब्द?

पेठ वडगांवच्या बाजारांत आवाज मोठा असला म्हणजे पुरे. उपासनामंदिरांत शब्द स्पष्ट पाहिजे. मागच्या बांकावरील आजीबाईंस वचन ऐकूं येत नाहीं, म्हणून मोठा लाउडस्पीकर आणावा, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. उघड्या भिंतींवरून परतलेला नाद पुढील शब्दांत मिसळतो. आवाज वाढविल्यास गोंधळही वाढतो. १८९५ सालीं हार्वर्ड येथील व्याख्यानगृहाचा असाच दोष सॅबिन यांनीं तपासला. बैठकीच्या गाद्या आणून ठेवतां नाद लवकर विरूं लागला. आपणही आधीं जाड पडदे लावावे, मायक्रोफोन वक्त्याच्या मुखाजवळ ठेवावा, लाउडस्पीकर भिंतीकडे नव्हे, श्रोत्यांकडे वळवावे. विद्यार्थिमित्रहो, नव्या यंत्रासाठीं वर्गणी जमविण्यापूर्वीं एकदां शेवटच्या बांकावर आजीबाईंशेजारीं बसून ऐका.