किनाऱ्यावर मुक्काम हवा, वाळूवर गाडी नको

पक्षी पाहायला भुईगाव, कळंब, राजोडीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बहुतेकांची भेट तीन-चार तासांची असते. सकाळी यायचे, कुरवांच्या थव्याचे फोटो काढायचे आणि दुपारी परतायचे. एवढ्याने पक्षी दिसतात, कळत नाहीत.

याचे कारण भरती-ओहोटी. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा चिखल्या आणि तुतवार पांगून किडे टिपतात. भरती चढली की तेच पक्षी कोरड्या वाळूवर दाटीवाटीने विसावतात. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोळी हे तिथीवरून सांगतो. आपल्या घरात हिजरी तारीख पाहणाऱ्यालाही ते सांगता येईल, कारण चंद्र एकच आहे. हे चक्र एकदा पुरे पाहायचे तर पंधरा दिवस एका जागी राहायला हवे.

असे राहण्याचे मोल सलीम अलींनी दाखवून दिले. जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून ते 1930 मध्ये परतले, पण हाताला नोकरी नव्हती. पत्नी तेहमिनासह ते अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. तिथे त्यांनी पावसाळाभर सुगरणींची वसाहत न्याहाळली. आपल्या भाषेने या पक्ष्याला बाईचे नाव दिले, पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीने पसंत केले तर ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. हा सगळा संसार त्यांनी उलगडला. एका रविवारच्या सहलीत हे कुणाला दिसले नसते.

मग राहायचे कुठे? राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीतच पलंग, चूल, संडास. जिथे थांबाल तिथे घर. आपल्यापैकी अनेकांना याचा मोह पडेल आणि तो मला समजतो. नाव सांगितल्यावर "खोली आत्ताच गेली" हे उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना नाव न विचारणारे चाकांवरचे घर सुटकेसारखे वाटणारच.

पण ही गाडी उभी कुठे राहणार, हा खरा प्रश्न आहे. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून ती पुळणीवर उतरवली, तर भरतीच्या वेळी पक्ष्यांना विसावायला उरलेली चिंचोळी पट्टीच आपण बळकावतो. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी प्रत्येक गाडीगणिक, प्रत्येक कुत्र्यागणिक उठत राहिला, तर परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबी तो इथेच जाळून बसतो. सांडपाण्याचा प्रश्न वेगळाच. शिवाय त्या वाळूवर कुणाची जाळी सुकत असतात, कुणाची होडी ओढलेली असते. ती मोकळी जागा नाही, वापरातली जागा आहे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. कॅराव्हॅनला विरोध नको, पण तिची जागा गावाच्या आत, पक्क्या रस्त्याला लागून, पाणी आणि मैला-निचऱ्याची सोय असलेली असावी. वाळूत चाक उतरणार नाही असे अडथळे रस्त्याच्या टोकाशीच उभारावेत. आणि त्याहून चांगला मार्ग म्हणजे वाडीतली खोली. वसईच्या वाड्यांत, कोळीवाड्यांत, सोपाऱ्याच्या मोहल्ल्यांत रिकाम्या खोल्या असलेली घरे आहेत. महिनाभर राहणारा पाहुणा आठवडी गर्दीपेक्षा कमी कचरा करतो, मासळी-भाजी गावातच घेतो आणि गावाशी बोलतो.

मात्र त्यासाठी घराचे दार नावावर अडता कामा नये. मुक्कामाची परवानगी देणाऱ्या यंत्रणेने ही अट लिहून घ्यावी. आपणही आपली घरे याच अटीवर उघडावीत. आधी दुसऱ्याने उघडावे म्हणून थांबू नये. सलीम अलींचा वारसा सांगायचा तर आपल्या मुलांना दुर्बिणीबरोबर सबुरीही द्यावी लागेल, आणि सबुरीला राहायला जागा लागते.