गणतीचा रकाना आणि हक्क

कल्याणकारी योजना सत्ताधाऱ्यांच्या दयेतून जन्मास येतात, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. योजनेच्या मुळाशी पाहणी असते. आणि पाहणीत जो प्रश्न विचारला जात नाही, त्याचे उत्तर कायद्यातही सापडत नाही.

वर्धा जिल्ह्याला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रा. सेलिग्मन यांच्या हाताखाली दोन भारतीय अर्थशास्त्र शिकले : एक परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दुसरे जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे कार्य उभारले व 1939 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्ष म्हणून शेकडो गावांची माहिती जमविली. हे काम लहान नव्हे. परंतु त्यांच्या विचाराचे परिमाण गाव हे होते. वर्ध्याजवळच्या नालवाडीत चामडे कमावण्याची रीत सुधारली. ते काम पिढ्यानपिढ्या एकाच जातीच्या माथी का, हा प्रश्न मात्र त्या चौकटीत गौण ठरला.

बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी कोलंबियातच, मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, जात कशी घडते व कशी टिकते याची मीमांसा केली होती. पुढे ते मजूरमंत्री असताना 1944 साली रेगे समितीने कामगारांचे वेतन, घरे व राहणी यांची देशभर पाहणी आरंभिली. त्याच वर्षीच्या अदारकर अहवालातून 1948 चा कामगार राज्य विमा कायदा निघाला. आजारी कामगाराचा भत्ता हा उपकार न राहता हक्क झाला.

रकान्याची किंमत आपण स्वतः मोजली आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे 27 लाख 89 हजार भरली. तरीही अनुसूचित जातींचे केंद्रीय हक्क बौद्धांना 1990 पर्यंत नाकारले गेले.

1931 नंतर जनगणनेत सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. 1 मार्च 2027 हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेत ते घेण्याचे ठरले आहे. जात मोडावयास निघालेल्यांनी जात का सांगावी, असे कोणी विचारील. रोगाची नोंदच नसेल तर औषध कोण देणार? यास्तव धर्म बौद्ध म्हणून निःशंकपणे सांगा, आणि अनुसूचित जातही सांगा. 1990 च्या दुरुस्तीमुळे एकाने दुसऱ्याचा हक्क बुडत नाही. गणकाच्या वहीत जो नाही, तो अंदाजपत्रकातही नसतो.