उन्हाळ्यातली उमेदवारी परंड्यातच करावी

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर चार श्रेयांकांसाठी १२० तासांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्यात वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीत हे काम कुठे करायचं असं विचारलं, तर पहिलं उत्तर पुणे असतं. पुण्याला जाणं जमलं नाही, तर पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र मिळवण्याचा मार्ग कुणीतरी दाखवतोच. माझं मत वेगळं आहे. व्यवस्थापनाची पहिली उमेदवारी परंडा, भूम, बार्शी याच पट्ट्यात व्हावी आणि ती महाविद्यालयाने ठरवून द्यावी. पुस्तकातले बहुतेक प्रश्न इथल्या धंद्यात अधिक अवघड रूपात आणि हात पोचेल इतक्या जवळ भेटतात.

मे महिन्यातलं कृषी सेवा केंद्र पाहा. खरीप तोंडावर असतो, सोयाबीन, तूर, उडदाचं बियाणं आणि खतं भरून ठेवायची असतात. वितरकाचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात, शेतकऱ्याकडून मात्र ते सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास येतात. कुणी तूर निघाल्यावर देतो, कुणाचं खातं पुढच्या सालात जातं. पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करावी लागली की उधारी वाढते, वसुली मात्र लांबते. उरलेल्या बियाण्याची मुदत संपली की ते विकता येत नाही. खेळतं भांडवल, साठा, जोखीम हे तिन्ही धडे त्या एका काउंटरवर आहेत. विद्यार्थ्याने तीन वर्षांची उधारीची वही गावनिहाय मांडली, कोणत्या गावची वसुली कधी होते आणि कोणतं वाण दरवर्षी पडून राहतं हे काढलं, तर जूनची खरेदी किती करायची हे दुकानदाराला अंदाजावर ठरवावं लागणार नाही. एवढं काम १२० तासांत होण्यासारखं आहे.

साखर कारखान्यात उन्हाळ्यात गाळप बंद असतं, मग तिथे काय शिकणार, असं विचारलं जातं. खरं तर पुढचा हंगाम याच महिन्यांत उभा राहतो. ऊसनोंद, तोडणी-वाहतुकीचे करार, मुकादमांची उचल, यंत्रांची दुरुस्ती ही सगळी कामं तेव्हाच चालतात. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचं पेमेंट १४ दिवसांत करायचं असतं. ते का लांबतं, हे साखरेचा साठा आणि बँकेचं कर्ज यांचं गणित समजल्याशिवाय कळत नाही. परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या कारखान्यात हे शिकलेला मुलगा शेतकऱ्याच्या घरातला असेल, तर त्याच्या घरालाही त्याचा उपयोग होईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांना तर अशा मुलांची सर्वांत जास्त गरज आहे. केंद्राच्या २०२०च्या योजनेत अशा कंपनीला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ती मुदत सरली की कंपनीला स्वतःच्या उलाढालीवर जगावं लागतं, आणि त्यासाठी हिशेब, दर आणि गिऱ्हाईक सांभाळणारी माणसं लागतात.

नोकरीच्या बाजारात पुण्याच्या कंपनीच्या नावाला वजन असतं, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण दोन महिने दुसऱ्यांचे तक्ते भरले याच्यापेक्षा एका दुकानाची अडकलेली उधारी कशी मोजली, हे मुलाखतीत नेमकं सांगता येतं. खेड्यातल्या धंद्यात कसलं आलंय व्यवस्थापन, असंही म्हटलं जातं. पण १९७९मध्ये आणंदला स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत विद्यार्थ्यांना गावात राहून काम करावं लागतं, आणि तो तिथल्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. छोट्या दुकानदाराला शिकवायला सवड नसते, हे मात्र खरं. म्हणून प्राध्यापकाने आठवड्यातून एकदा तिथे जाऊन बसलं पाहिजे. नुसती सही आणि शिक्का घेऊन श्रेयांक दिले, तर पैसे देऊन आणलेल्या प्रमाणपत्रात आणि त्यात फरक उरणार नाही.

सर्वांत खरी अडचण पैशाची आहे. सुट्टीत शेतात किंवा दुकानात राबून घराला हातभार लावणाऱ्या मुलाला फुकटची उमेदवारी परवडत नाही. २०२४मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाल्या. दोन्हींत विद्यावेतन आहे, पण पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना दोन्हींतून वगळलं आहे. म्हणजे अभ्यासक्रमाने इंटर्नशिप मागायची आणि विद्यावेतनाच्या वेळी विद्यार्थ्याला दाराबाहेर ठेवायचं. राज्याने निदान आकांक्षित जिल्ह्यांपुरतं तरी हे बदलावं; धाराशिव त्या यादीत आहे. तोवर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती यांनी जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च उचलावा. दुकानदारावर हा भार टाकू नये, तो महाविद्यालयाने सोसावा. मुलींच्या बाबतीत तर जवळची जागा आणखी महत्त्वाची ठरते. दोन महिने पुण्यात खोली घेऊन राहायला अनेक घरांतून परवानगी मिळत नाही, आणि त्या मुलींची इंटर्नशिप कागदावरच उरकली जाते. सकाळच्या एसटीने बार्शीला जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं. तिथल्या अडत दुकानात, डाळ मिलमध्ये किंवा पतसंस्थेत महाविद्यालयाने फेब्रुवारीतच बोलून जागा ठरवल्या, तर त्याही हे १२० तास खरोखर काम करून पुरे करतील.