आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे



कागद एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही रीत जुनी. पूर्वी कागद तलाठ्याच्या दप्तरात होता, आता मोबाईलमध्ये आला. सातबारा मोबाईलवर, ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर, २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाची नोंदणीसुद्धा 'कपास किसान' ॲपवर. पण मोबाईलचा पडदा तळहाताएवढा. बैठकीत एक पोरगा वाचतो, चाळीस जण ऐकतात. कपाशीखालचे क्षेत्र चुकून कमी लागले, तर ते कळते कधी? खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिल्यावर!

म्हणून आमचे म्हणणे असे, की बैठकीत मोबाईल टीव्हीला जोडा आणि आकडा सगळ्यांसमोर ठेवा.

याचे दोन मार्ग आहेत. पहिला तारेचा. मोबाईलच्या टाइप-सी खाचेतून टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत तार लावायची. पण खाच टाइप-सी आहे म्हणून चित्र बाहेर येईलच असे नाही. स्वस्तातल्या बहुतेक मोबाईलमध्ये तिथून नुसते चार्जिंग होते आणि फाईली जातात. चित्रासाठी 'डिस्प्लेपोर्ट'ची सोय आतच असावी लागते. दुकानदार 'चालते हो' म्हणेलच, बियाणे विकणाराही तेच म्हणतो. आपला मोबाईल दुकानातच लावून पाहा, चित्र दिसले तरच पैसे मोजा.

दुसरा मार्ग बिनतारी. मोबाईल आणि टीव्ही दोन्हींत 'मिराकास्ट' असेल, तर ते एकमेकांशी थेट जोडले जातात, इंटरनेट लागत नाही. सेटिंगमध्ये 'कास्ट' किंवा 'स्मार्ट व्ह्यू' अशा नावाने ते सापडते. सातबारा आदल्या दिवशीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, आणि बैठक वीज असेल त्या वेळी लावा.

एक सावधगिरी. मोबाईलवर जे येते ते सगळे टीव्हीवर दिसते, ओटीपीही दिसतो. संदेशांच्या सूचना बंद करा, बँकेचे ॲप उघडू नका. आणि फोनवरून कोणी परका 'हे ॲप घ्या, तुमचा पडदा मला दाखवा' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. अशाच 'एनीडेस्क' ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. गावाला दाखवणे वेगळे, चोराला दाखवणे वेगळे.

सुरुवात हमीभावापासून करा. २०२५-२६ चे आकडे पडद्यावर लावा: लांब धाग्याचा कापूस क्विंटलला ८११० रुपये, मध्यम धाग्याचा ७७१०, संकरित ज्वारी ३६९९, मालदांडी ३७४९. ज्याने माल विकला त्याने आपली हिशोबपट्टी घेऊन यावे आणि चारचौघांत ताडून पाहावे. फरक किती पडला, ते कुणी भाषणातून सांगायची गरज उरणार नाही.