जुन्या जीपची कैफियत

आपल्याकडे माणसाचे वय झाले म्हणजे त्याला वाकून नमस्कार करतात, आणि यंत्राचे वय झाले म्हणजे त्याला भंगारवाल्याच्या हवाली करतात. पहिली रीत चांगली आहे. दुसरीबद्दल मला भांडायचे आहे. ऐन दिवाळीत हा गृहस्थ भांडण काय काढतो, असे कोणी म्हणेल; पण फराळाच्या ताटात चिवड्यालाही थोडी मिरची लागतेच.

मी ज्या यंत्राची बाजू घेऊन उभा आहे ते म्हणजे जुनी जीप. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळते अशी, पत्र्याच्या सपाट अंगाची, उंच बॉनेटची. ती माझ्याकडे आहे आणि माझ्यासारख्या आणखी पुष्कळांकडे आहे. "अहो काका, अजून ही चालते?" असे शेजारची मुले विचारतात आणि "अजून ही विकली नाहीत?" असे त्यांचे वडील विचारतात. मुलांच्या प्रश्नात कुतूहल आहे. वडिलांच्या प्रश्नात एक सबंध विचारसरणी आहे. जुने ते टाकाऊ, ही ती विचारसरणी.

ह्या गाडीचे कुळ आधी सांगतो. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती आणि नमुना करून देण्यास मुदत होती अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील बँटम नावाच्या लहानशा कंपनीने तो २३ सप्टेंबर १९४० रोजी हजर केला. मग विलीज आणि फोर्ड ह्या मोठ्या कारखान्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचे, ताकद ६० अश्वशक्तीची. आजच्या हिशेबाने अगदी बेताची. पण खरी गोष्ट निराळीच आहे. दोन्ही कारखान्यांच्या गाड्यांचे बहुतेक भाग एकमेकींना बसत. रणांगणावर दोन मोडक्या जीपांतून एक चालती जीप उभी करता यावी, हा त्यातला हेतू होता. म्हणजे दुरुस्ती ही ह्या गाडीवर मागाहून आलेली आपत्ती नव्हे. ती तिच्या जन्मातच धरलेली आहे.

लढाई संपल्यावर तिने तलवार टाकून नांगर धरला. फिलिपाइन्समध्ये उरलेल्या लष्करी जीपांना लांब करून लोकांनी 'जीपनी' नावाच्या प्रवासी गाड्या केल्या. ब्रिटनमध्ये मॉरिस विल्क्सने आपल्या शेतावर एक लष्करी जीप राबवली आणि तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर १९४८ साली लोकांपुढे आली. आपल्याकडे महिंद्र मंडळींनी त्याच सुमारास मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे साखर कारखान्यांच्या आवारापासून जंगलखात्याच्या वाटांपर्यंत ती पोचली. दार्जिलिंगजवळच्या मानेभंज्यांगहून ३६३६ मीटर उंचीच्या संदकफूकडे वाट चढते. तिच्यावर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके माणसे आणि शिधा वाहिला. त्या कोणी काचेच्या कपाटात ठेवल्या नव्हत्या. त्यांच्यावर घरे चालत होती.

जीपच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके इंजिनाला जोडायची. दुसऱ्याने वेग उतरवून चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट करायचा. पहिला दांडा कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढून ठेवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तो फरक पोटात घालणारी सोय ह्या जुन्या रचनेत मधे नसते; सगळा पीळ दातेरी चाकांवर आणि आसांवर येतो. चिखलात चाके थोडी घसरतात म्हणून तो पीळ सुटतो. एवढे समजले की माणूस गाडी नुसती हाकत नाही, तिच्याशी बोलू लागतो. नवी गाडी तुम्हाला हे कळू देत नाही. ती बटण देते आणि गप्प बसायला सांगते.

एका नव्या गाडीच्या पुढच्या दिव्याची प्लॅस्टिकची कडी तुटली म्हणून मी एका चकचकीत वर्कशॉपात गेलो होतो. कडी मिळत नाही, सबंध दिवा बदला, असे उत्तर मिळाले. बोटाएवढी कडी, आणि हजारोंचा दिवा! आमच्या जीपचे चाचा मिस्त्री असले काही ऐकून हसतात. त्यांच्याकडे बुश झिजला तर लेथवर दुसरा कातून मिळतो, पाटा तुटला तर तेवढाच पाटा बदलतो, कार्ब्युरेटर तुंबला तर रॉकेलने धुऊन निघतो. रविवारी त्यांच्या शेडमध्ये आमची मंडळी जमतात. त्यांत दंतवैद्य आहेत, निवृत्त मास्तर आहेत, एक ऊस बागायतदार आहेत. कोणाचा जॅक, कोणाचा पाना, कोणाच्या घरचा चहा. बागायतदारांचा गिअरबॉक्स उघडलेला असतो आणि सल्ला दंतवैद्य देत असतात. "डॉक्टर, हा दात काढायचा नाही, वाचवायचा आहे," असे चाचा सुनावतात. अशा अड्ड्यांवर जो स्नेह जमतो तो एकट्याने हप्ते भरून जमत नाही.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. जुनी गाडी धूर सोडते. खरे आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो; दर किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण करते. हे नाकारणारा जीपप्रेमी खोटे बोलतो. तिच्यात एअरबॅग नाही, ब्रेकही आजच्यासारखे नाहीत; म्हणून पट्टे बसवून घ्यावेत आणि द्रुतगती मार्गाची हौस धरू नये. पण घाण होते ती किलोमीटरमागे; वर्षामागे नव्हे. महिन्यातून चार रविवार निघणारी जीप आणि दिवसभर शहरात फिरणारी मोटार ह्यांचा धूर त्यांच्या जन्मतारखेवरून कसा मोजणार? आणि नवी गाडी काही आभाळातून पडत नाही. तिच्या लोखंडाला कोळसा लागतो, रंगाला रसायने लागतात. तो धूर कारखान्याच्या धुराड्यातून निघतो म्हणून आपल्या हिशेबात येत नाही, इतकेच.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम केला. पुढे २०२५ मध्ये त्यात फेरफार झाले, पण वर्षे मोजण्याची खोड लागली ती लागलीच. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० झाले. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील 'व्हिंटेज' गाड्यांना मान दिला. मात्र मूळ रूप बदललेले नसावे, आणि गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, फार तर पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला बाहेर काढावी. नेहमीच्या वापराला नाही. म्हणजे जुन्या गाडीपुढे वाटा दोनच: भट्टी किंवा देव्हारा. जी निगा राखून, भाग बदलून, कामाला उपयोगी पडत राहिली आहे, तिला तिसरी वाट नाही.

मला ती तिसरी वाट हवी आहे. ब्रेक तपासा, स्टीअरिंग तपासा, चासीचा गंज ठोकून पाहा, धुराड्याला नळी लावा. जी नापास होईल ती माझी असली तरी मोडीत काढा, मग ती आठच वर्षांची का असेना. कर घ्यायचा तर धुरावर आणि चाललेल्या अंतरावर घ्या. जन्मतारखेवर घेऊ नका.

आमच्या पंथातल्या काही वीरांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. पावसाळ्यानंतर सह्याद्रीच्या सड्यांवर वीतभरही माती नसते, आणि तेवढ्यातच रानफुलांचा सारा संसार असतो. तिथे चारही चाके गुंतवून चर पाडणे हा पराक्रम नव्हे. असल्या उच्छादामुळेच लोकांना जुनी जीप म्हणजे उनाड माणसाचे खेळणे वाटते, आणि नियम करणाऱ्यांना आयते निमित्त मिळते.

आणि वाचकांनो, हे भांडण केवळ माझ्या जीपचे नाही. ज्या घरात पितळेच्या भांड्यांना कल्हई होई, पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेत, जुन्या लुगड्यांची गोधडी होई, त्याच घरांत आपण वाढलो. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो आणि वर्षभर तिच्या बॉनेटखाली डोकावत नाही. पूजा म्हणजे निगा, हे आपण विसरलो आहोत. ह्या दिवाळीत घरात बिघडून पडलेली एखादी वस्तू टाकण्यापूर्वी गल्लीतल्या मिस्त्रीकडे न्या. तो अजून तिथे बसतो. गिऱ्हाईकच जाईनासे झाले, तर मात्र उद्या तोही बसणार नाही.