एन्ड्युरो सायकल दुकानात ठेवायची? आधी ती रबरी रिंग बघा



मागच्या व्हिडिओत मी म्हणालो होतो की स्टॉक म्हणजे भिंतीला टांगून ठेवलेली रोकड. तो बघून आपल्या बॅचमधल्या एका सायकल दुकानदाराचा फोन आला. "सर, तीन लाखांची फुल सस्पेन्शन एन्ड्युरो आणून ठेवू का? महिन्याभरात दोघं विचारून गेलेत." मी स्वतः सायकली विकतो, त्यामुळे हा मोह मला चांगला ओळखीचा आहे. फोनवर अर्धा तास जे बोललो तेच इथे नीट मांडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एन्ड्युरो ही फार चांगली सायकल आहे. पण आपल्याकडे ती मागणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना तिची गरज नसते. आणि हे त्यांना सांगायचं काम आपलं आहे, कंपनीचं नाही.

ही सायकल बनली कशासाठी?

एन्ड्युरो शर्यतीत चढाची वेळ मोजत नाहीत. ठरलेल्या वेळेत वर पोचलात की झालं. घड्याळ चालू होतं ते उताराच्या टप्प्यांवर. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज सुरू झाली आणि हा प्रकार जगभर पसरला. सायकलची बांधणीही त्याच हिशेबाने होते. पुढे-मागे साधारण १६० ते १७० मिलीमीटर ट्रॅव्हल, ६३ ते ६५ अंशांचा हेड अँगल, अडीच इंचापर्यंत रुंद टायर, चार पिस्टनचे ब्रेक, २०० मिलीमीटरचे रोटर. वजन १५ किलोच्या आसपास, बऱ्याचदा थोडं वरच.

यातली प्रत्येक गोष्ट खडकाळ, तीव्र उतारावर वेगात जाण्यासाठी आहे. तिथे ही सायकल जी साथ देते ती दुसरी देत नाही. पण तीच सायकल हळू चढावर पुढचं चाक भरकटवते, आणि सपाट रस्त्यावर ओढत नेल्यासारखी वाटते. हा सायकलचा दोष नाही. ट्रक घेऊन भाजी आणायला गेलात तर ट्रकला नावं ठेवून काय उपयोग?

माझी चूक

काही वर्षांपूर्वी मी अशी एक सायकल विकली. गिऱ्हाईक नोकरदार, रविवारी ग्रुपबरोबर टेकडीवर जाणारा. त्याने इंटरनेटवर सगळं वाचलेलं होतं. मी स्पेसिफिकेशनचा कागद पुढे ठेवला, एकेक आकडा कौतुकाने समजावला आणि बिल केलं. त्या महिन्यात गल्ला छान दिसला.

चार महिन्यांनी तो परत आला. "चढाला दम लागतो. ग्रुप पुढे निघून जातो. सायकलीत काही बिघडलंय का?" मी हवेचा दाब तपासला, सॅग तपासला, सगळं बरोबर होतं. मग फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवून ठेवली आणि म्हणालो, तुमचा सगळ्यात अवघड उतार करून या, रिंगला हात लावू नका. तो आला तेव्हा रिंग ९० मिलीमीटरवर होती. फोर्क १७० चा.

म्हणजे जवळपास निम्म्या ट्रॅव्हलचे पैसे त्याने उगाच भरले होते, आणि तेवढं वजन दर रविवारी टेकडीवर चढवत होता. तो भांडला नाही. एवढंच विचारलं, "हे तुम्हाला विकतानाच माहीत होतं ना?"

माहीत होतं. पुढे त्याने ती सायकल तोट्यात विकली. त्यानंतर तो माझ्याकडे साधी ट्यूब घ्यायलाही आला नाही.

मग सायकल पारखायची कशी?

आता मी हे चार टप्पे सोडत नाही. तुम्हीही सोडू नका.

१. आधी सॅग लावा. गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या बॅग-पाण्यासकट सायकलवर बसवा. मागच्या शॉकला साधारण ३० टक्के सॅग हवा. शॉकचा स्ट्रोक ६५ मिलीमीटर असेल तर साडेएकोणीस. हे न करता दिलेली टेस्ट राइड म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून डोळे तपासणं.

२. चढ आधी, उतार नंतर. आपल्याकडे लिफ्ट नाही, वर स्वतःच जायचंय. त्यामुळे निदान वीस मिनिटांचा चढ करायला लावा. दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारून तीन लाखांचा निर्णय होत नाही.

३. रिंग बघा. शक्य असेल तर गिऱ्हाइकाच्या सध्याच्या सायकलवरच. फोर्कला रिंग नसेल तर प्लास्टिकची टाय सैलसर बांधा, तीही चालते. सॅग बरोबर असून त्याच्या सगळ्यात अवघड उतारावर १२० चा फोर्क शेवटपर्यंत दबत असेल, तर पुढच्या सायकलचं बोलणं सुरू करा. ८० वरच थांबत असेल तर त्याला आत्ता नवीन टायर आणि चांगले ब्रेक पॅड द्या. स्पेसिफिकेशनच्या कागदावर गिऱ्हाइकाचा उतार कसा आहे ते लिहिलेलं नसतं. ते रिंग सांगते.

४. देखभाल विकण्याआधी सांगा. रॉकशॉक्ससारखी कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. आठवड्याला चार तास चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. शिवाय मागच्या त्रिकोणाच्या सांध्यांमध्ये बेअरिंग असतात, आणि आपला पावसाळा, चिखल, प्रेशर वॉशर यांच्यापुढे ती फार टिकत नाहीत. हे काम तुमच्या मेकॅनिकला येतं का? येत नसेल तर तुम्ही सायकल नाही, पुढची डोकेदुखी विकताय.

आता दुकानाचा हिशेब

धरून चला, सायकल तीन लाखांना आली आणि नऊ महिने उभी राहिली. १२ टक्के व्याजाने २७ हजार गेले. तेवढ्यात नवीन मॉडेल आलं आणि तुम्हाला २० टक्के सूट द्यावी लागली. तुमचं मार्जिन त्यातच संपलं.

त्याच तीन लाखांत ५० हजारांच्या सहा हार्डटेल येतात. १५ टक्के मार्जिन धरलं तर एका फेरीत ४५ हजार. तीन महिन्यांत फेरी पूर्ण झाली तर नऊ महिन्यांत १ लाख ३५ हजार. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. "दोघं विचारून गेले" ही मागणी नाही. अ‍ॅडव्हान्स दिला तर मागणी.

"आपण नाही विकली तर शेजारचा विकेल"

हे दर बॅचमध्ये ऐकतो. विकेलही. पण चार महिन्यांनी ते गिऱ्हाईक कुणाकडे येईल? "तुम्हाला ही लागत नाही" असं ज्याने तोंडावर सांगितलं त्याच्याकडे. शिवाय आपण कुणाची हौस मारत नाही. एखाद्याने सगळं समजून, निव्वळ आवड म्हणून मागितली तर जरूर द्या, पैसे त्याचे आहेत. फक्त समजून घेणं हा भाग आपण वगळायचा नाही.

आणि ज्याला खरंच हवी त्याला छोटी सायकल गळ्यात मारू नका. जो हिमाचलात जाऊन मोठे उतार करतो, शर्यतीत उतरतो, ज्याचा १४० चा फोर्क दर वेळी शेवटाला टेकतो, त्याला ट्रेल बाइकवर भागवायला सांगणं धोक्याचं आहे. तिथे ते जास्तीचे ३० मिलीमीटर त्याचं हाड वाचवतात.

फोन करणाऱ्या दुकानदाराला मी सांगितलं: स्टॉक करू नका, ३० टक्के अ‍ॅडव्हान्स घेऊन मागवा. तोपर्यंत एक चांगला शॉक पंप घ्या आणि त्या दोघांना सायकल घेऊन दुकानात बोलवा. रिंग सरकवा आणि रविवारी टेकडीवर पाठवा.

तुमचा गृहपाठही तोच. दुकान सायकलचं नसलं तरी चालेल. मिक्सर असो, इन्व्हर्टर असो की शिलाई मशीन, मागच्या वर्षी विकलेल्या सगळ्यात महागड्या पाच वस्तूंची यादी काढा. त्या घेणाऱ्यांना फोन करा आणि विचारा की त्यातलं खरंच किती वापरता. उत्तरं ऐकायला जड जातील. मलाही गेली होती.